‘चंचल’ म्हणजे चांगलं का वाईट?



प्रथम सत्राच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना आपण सगळेच एक शब्द वापरतो, तो म्हणजे चंचल. मीही तिसरीतल्या एका मुलाच्या प्रगतिपत्रकावर लिहिलं होतं, ‘चंचल आहे, एका जागी स्थिर बसत नाही.’ त्याची आई सही करायला आली. शेजारणीकडून वाचून घेतलं आणि मला विचारलं, “बाई, चंचल म्हंजे चांगलं का वाईट?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन शब्दकोश उघडला.

‘चंचल’ हा संस्कृत शब्द. त्याच्या मुळाशी ‘चल्’ हा धातू आहे, अर्थ हलणे, चालणे. चाल, चलन, अचल, विचलित ही सगळी त्याचीच भावंडं. एखादी क्रिया पुन्हापुन्हा घडते हे दाखवायला संस्कृतमध्ये धातूचं द्वित्व होतं. ‘चल्’चं झालं चंचल, तसंच ‘गम्’ म्हणजे जाणे यावरून झालं जंगम. म्हणजे ‘चंचल’चा मूळ अर्थ सतत हलणारा, एवढाच. वीज आणि लक्ष्मी दोघींनाही ‘चंचला’ म्हणतात, पण म्हणून लक्ष्मीला कोणी नापास करत नाही!

‘चपळ’ची गंमत तर आणखी वेगळी. संस्कृत ‘चपल’चा एक अर्थ अस्थिर, उतावळा असाही आहे. मराठीत मात्र खो-खोच्या मैदानावर ‘चपळ’ ही शाबासकी असते. मूल तेच असतं. मैदानावर ते चपळ, वर्गात आलं की चंचल. शब्द बहुतेकदा आपल्या सोयीप्रमाणे बदलतो.

आता दुसरा शब्द, ‘अस्थिर’. ‘स्था’ म्हणजे उभे राहणे, थांबणे. त्यावरून स्थिर, स्थान, स्थिती, स्थावर. आपलं ‘ठाण’ आलं ‘स्थान’वरून आणि ‘थिरावणे’ आलं ‘स्थिर’वरून. इथे मी अडखळले. स्थिर आणि स्थान एकाच मुळाचे! ज्याला उभं राहायला जागाच नाही, तो थिरावणार कुठे?

कारण त्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लागतं, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडतं. मधले महिने फडाजवळच्या कोपीत. आजी सांभाळायला असली तर पोरगं गावात राहतं, नाहीतर तेही जातं. परत येतं तेव्हा वर्ग पुढे गेलेला आणि त्याच्या जागेवर दुसरं कोणीतरी बसलेलं. अस्थिर त्याची परिस्थिती होती, मी मात्र शिक्का मुलावर मारला.

माझं स्पष्ट मत आहे की, ‘चंचल’, ‘अस्थिर’, ‘धरसोड वृत्तीचा’ ही विशेषणं नोंदवहीतून काढून टाकावीत. त्याऐवजी जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहावं. त्या मुलाची नोंद मी नंतर अशी केली, ‘दोन उदाहरणे सोडवून उठतो. मणी व काड्या हाताळायला दिल्यास तास संपेपर्यंत बसतो.’ ही नोंद वाचून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काय करायचं ते कळतं. ‘चंचल’ वाचून काहीच कळत नाही. आणि एखाद्या मुलाला खरोखर तज्ज्ञांची मदत लागणार असेल, तर त्यांनाही अशीच नोंद उपयोगी पडते.

पालकांनाही एक विनंती. पाहुण्यांसमोर “आमचं कार्टं फार चंचल” असं म्हणू नका. मूल ते ऐकतं आणि तसंच स्वतःला समजू लागतं.

त्या आईला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, “ताई, चंचल म्हंजे हलणारा. चांगलं पण नाही, वाईट पण नाही. त्याला बसायला जागा द्यायचं काम माझं.” आता त्याची जागा खिडकीजवळ पक्की आहे. तो गेला तरी ती कोणाला देत नाही.