तलावाला खातं मिळालं, वाड्याला कोण?

नागभीडकडच्या आमच्या मामाच्या गावात मालगुजारांचा वाडा होता. गेल्या उन्हाळ्यात तो पाडला. सागवानी खांब ट्रॅक्टरवर चढले, मातीच्या भिंती तिथेच ढीग होऊन पडल्या. बाजूचा तलाव मात्र जागेवर आहे. दोन्ही एकाच घराण्याचे, मग असं का?

उत्तर १९५१ मध्ये सापडतं. तेव्हा आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी संपली. तलाव सरकारकडे गेले, 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा' तलाव झाले. त्यांच्या दुरुस्तीसाठी आज सरकारी योजना निघतात. राहतं घर मात्र मालकाकडेच राहिलं. वसुली बंद, खर्च चालू!

खर्च कसला? कवेलूचं छप्पर दर पावसाळ्याआधी फेरावं लागतं. माकडं एका उडीत दहा कवेलू फोडतात. पाणी मुरलं की आधी वासे कुजतात, मग मातीची भिंत बसते. पूर्वी हे काम अनेक ठिकाणी बिगारीवर व्हायचं. मजुरी द्यायची वेळ आली आणि वाडा परवडेनासा झाला.

म्हणूनच वाडा पडल्याचं दुःख सगळ्यांना सारखं नसतं. मी हळहळले, तेव्हा गावातली मैत्रीण म्हणाली, "माझ्या आज्याला त्या सपरीत बसता येत नव्हतं. मी कशाला रडू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण वाडा गेला की ती सपरीही जाते, आणि कोण कुठे उभं राहायचं याचा पुरावाही.

राज्याचा पुरातत्त्व कायदा १९६० पासून आहे, पण खेड्यातल्या खासगी वाड्यापर्यंत तो क्वचितच पोचतो. अहेरीच्या राजवाड्याला निदान दसऱ्याची गर्दी आहे. छोट्या वाड्यांना तीही नाही. मालक तयार असेल तर ग्रामपंचायतीने वाडा भाड्याने घेऊन अभ्यासिका करावी. स्पर्धा परीक्षेची पोरं गावोगावी जागा शोधतच आहेत. वापरातलं छप्पर कोणीतरी फेरतंच.

चंद्रपूरचा परकोट स्वच्छ करायला २०१७ मध्ये इको-प्रोचे तरुण उतरले होते. आपल्याला तर फक्त मोजपट्टी आणि मोबाईल लागेल. या सुट्टीत गावातला वाडा मोजा, फोटो काढा. आणि आठवणी विचाराल तेव्हा आत राहणाऱ्यांइतक्याच बाहेर उभ्या राहिलेल्यांनाही विचारा.