दर गुप्त, भुर्दंड रुग्णाला

एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे उपकरण दोन रुग्णालयांना दोन वेगळ्या दरांनी विकले जाते आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. यामागे खरेदी करारातील एक छोटेसे कलम असते. ठरलेला दर तिसऱ्या पक्षाला सांगायचा नाही, असे बंधन पुरवठादार त्याद्वारे ग्राहकावर घालतो. संगणक वा कार्यालयीन यंत्रसामग्रीच्या व्यवहारांतही अशी कलमे असतात. वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत मात्र त्याचा भार करारावर सही न करणाऱ्या रुग्णावर पडतो.

अमेरिकेचा अनुभव

अमेरिकी सरकारच्या खर्चावर देखरेख ठेवणाऱ्या 'जीएओ' या संस्थेने जानेवारी २०१२ मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला. हृदयात बसविल्या जाणाऱ्या डिफिब्रिलेटरसारख्या उपकरणांसाठी वेगवेगळी रुग्णालये मोजत असलेल्या किमतींत हजारो डॉलरची तफावत त्यात आढळली. गोपनीयतेच्या कलमांमुळे काही रुग्णालयांना हे दर इतर रुग्णालयांनाच काय, उपकरण निवडणाऱ्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हते. निवड करणाऱ्यालाच किंमत ठाऊक नसेल, तर घासाघीस करायची कोणी आणि कशाच्या आधारे? हे दर जाहीर करणे कंपन्यांना बंधनकारक करणारे विधेयक सिनेटर चार्ल्स ग्रासली आणि आर्लन स्पेक्टर यांनी २००७ मध्ये मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

कंपन्यांची बाजू

गुप्तता असल्यामुळेच मोठ्या ग्राहकाला घसघशीत सवलत देता येते, दर उघड झाले तर प्रत्येक जण तीच मागेल आणि सवलतच बंद होईल, असे पुरवठादारांचे म्हणणे असते. ते सर्वस्वी निराधार नाही. डेन्मार्कमध्ये १९९३ पासून स्पर्धा नियामकाने तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारांतील दर प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. वर्षभराच्या आत दर उतरण्याऐवजी १५ ते २० टक्के चढले. मोजकेच विक्रेते असलेल्या बाजारात एकमेकांचे दर कळताच स्पर्धा थंडावली, असा निष्कर्ष अर्थतज्ज्ञांनी काढला.

भारतात काय घडले?

भारतात गुप्ततेचे स्वरूप थोडे वेगळे आहे. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. परंतु रुग्णालयाने प्रत्यक्षात काय मोजले, हे रुग्णाला कळत नाही. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने २०१७ च्या आरंभी स्टेंटच्या साखळीतील प्रत्येक टप्प्यावरचा नफा जाहीर केला, तेव्हा रुग्णालयांच्या पातळीवर तो काही ठिकाणी साडेसहाशे टक्क्यांच्या घरात असल्याचे दिसून आले. त्यानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये, तर औषधयुक्त स्टेंटसाठी २९,६०० रुपये अशी कमाल मर्यादा घालण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवरही नियंत्रण आले.

सरकारी खरेदीत निविदा आणि माहितीचा अधिकार यांमुळे दर बाहेर येण्याची वाट तरी असते. माहिती अधिकार कायद्यात व्यापारी गुपितांना संरक्षण आहे. तथापि व्यापक जनहित असेल तर ते बाजूला सारण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. खासगी रुग्णालयांच्या करारांना अशी खिडकी नाही.

सर्वच दर चव्हाट्यावर मांडणे हा उपाय नव्हे, हे डेन्मार्कच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. परंतु उपकरण निवडणारा डॉक्टर, बिल भरणारा रुग्ण व विमा कंपनी आणि नियामक यांना गोपनीयतेच्या कलमातून वगळण्यास कोणाची हरकत असू नये. दोन व्यापाऱ्यांनी आपसातील सौदा गुप्त ठेवणे समजण्यासारखे आहे. पैसे तिसऱ्याच्या खिशातून जात असतील, तर त्या तिसऱ्याला किंमत कळलीच पाहिजे.