जुन्या फुटपट्टीने मोजलेली मुले

दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर जगाचा एक रंगीत नकाशा फिरू लागतो. देशोदेशीचा सरासरी बुद्ध्यांक दाखवणाऱ्या या नकाशात भारताच्या वाट्याला ८० च्या आसपासचा आकडा येतो. मग एक गट शरमेने मान खाली घालतो, तर दुसरा बुद्ध्यांक ही पाश्चात्त्यांची लबाडी असल्याचे सांगून मोकळा होतो. हा आकडा जिथे खरोखर एखाद्या मुलाचे भवितव्य ठरवतो, तिकडे मात्र दोन्ही गटांचे लक्ष जात नाही.

नकाशाचा निकाल आधी लावावा. त्याचे मूळ रिचर्ड लिन आणि तातू वानहानेन यांच्या २००२ च्या पुस्तकात आहे. त्यात १८५ देशांचे आकडे होते. परंतु शंभराहून अधिक देशांत प्रत्यक्ष मोजणी नव्हतीच, शेजारी देशांवरून अंदाज बांधलेले होते. जिथे मोजणी होती, तिथेही नमुने अनेकदा लहान आणि एकांगी होते. मानवी वर्तन व उत्क्रांती यांच्या अभ्यासकांच्या युरोपीय संघटनेने २०२० मध्ये हे आकडे वापरू नयेत असे जाहीरपणे सांगितले. अशा सामग्रीवरून राष्ट्राची बुद्धी ठरवणे हे मोजमाप नव्हे.

म्हणून बुद्ध्यांकच टाकाऊ ठरत नाही. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी, विशेष साहाय्याची गरज असणारी मुले ओळखण्यासाठी. त्या कामी चाचणी आजही उपयोगी पडते आणि शालेय यशाशी तिच्या गुणांचा लक्षणीय संबंध आढळतो. मात्र हे मापन लांबी-वजनासारखे नाही. त्याला खरे शून्य नाही. १२० बुद्ध्यांकाची व्यक्ती ६० च्या दुप्पट बुद्धिमान नसते. समवयस्कांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ मानून त्या समूहातील मुलाचे स्थान तेवढे सांगितले जाते. साहजिकच तुलनेचा समूह बदलला की आकडा बदलतो.

भारताचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. त्यांच्या ग्रंथाची चौथी आवृत्ती १९६७ ची आहे. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेश्लर यांच्या १९४९ च्या बालचाचणीचे भारतीय रूप १९६९ मध्ये सिद्ध केले. आपापल्या काळी दोन्ही कामे मोलाची होती. नव्या चाचण्या आल्या, तरी या दोन्ही आजही देशभरातील चिकित्सालयांत वापरल्या जातात.

जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले, की अमेरिकेत विसाव्या शतकात चाचणीतील कामगिरी दर दशकाला सुमारे ३ गुणांनी उंचावत गेली. भारतात हा वेग निम्मा धरला, तरी अर्धशतकात ७ गुणांचा फरक पडतो. आजच्या समवयस्कांच्या तुलनेत ६६ वर असलेला मुलगा जुन्या प्रमाणांनुसार ७३ वर दिसेल. बौद्धिक अक्षमतेची रूढ सीमारेषा ७० आहे. प्रमाणपत्रासाठी दैनंदिन व्यवहारकौशल्यही तपासले जाते, हे खरे. पण चुकीचा बुद्ध्यांक त्या निर्णयाला चुकीची दिशा देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे अनेक लाभ ४० टक्के अक्षमतेच्या अटीशी जोडलेले आहेत. म्हणजे ज्या मुलासाठी बिने यांनी चाचणी घडवली, त्यालाच ती दाराबाहेर ठेवू शकते.

प्रयोगशाळेत मापनयंत्राचे अंशांकन पन्नास वर्षांपूर्वीचे असेल, तर त्याचे वाचन कोणी स्वीकारणार नाही. मुलांच्या बाबतीत ते निमूटपणे स्वीकारले जाते. सार्वजनिक निधीतून, सर्व प्रमुख भाषांत, ग्रामीण आणि गरीब मुलांना योग्य प्रमाणात सामावून घेणारे प्रमाणीकरण ठरावीक वर्षांनी झालेच पाहिजे. ते होईपर्यंत किमान प्रत्येक अहवालावर चाचणीचे नाव, तिच्या प्रमाणांचे वर्ष आणि त्रुटीची मर्यादा लिहिणे बंधनकारक करावे. त्यासाठी नव्या संशोधनाचीही गरज नाही. एक शासकीय परिपत्रक पुरेसे आहे.