तयार प्रकल्पाला गुण कशाचे?

विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी प्रकल्प करावा लागतो. तो बाजारात तयारही मिळतो! मला हे मुळीच पसंत नाही.

साधे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर घ्या. गाभ्याचा छेद ८ चौरस सेंटिमीटर, त्यातील कमाल चुंबकीय क्षेत्र १.२ टेस्ला आणि वारंवारता ५० हर्ट्‌झ धरली, तर दर व्होल्टला सुमारे ४.७ वेढे पडतात. २३० व्होल्टसाठी जवळजवळ १०८०. वेढे फार कमी केले तर तार वाचते, पण गाभा संपृक्त होऊन प्रवाह बेसुमार वाढतो व गुंडाळी तापते. तार बारीक घेतली तरी तापतेच. ही ओढाताण सोडवणे म्हणजेच आराखडा करणे.

कामाचा क्रमही लावावा लागतो. गाभ्याच्या पत्र्या यायला तीन आठवडे लागणार असतील, तर मागणी पहिल्याच दिवशी नोंदवावी. पेटी मागाहून झाली तरी चालते. कोणते काम अडले की सारेच अडते, हे शोधण्याची ‘क्रिटिकल पाथ’ रीत अमेरिकेत १९५७च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीच्या कामातून निघाली.

परीक्षकांनी यंत्राआधी रोजनिशी मागावी. गुंडाळी का जळली हे सांगू शकणाऱ्याला अधिक गुण द्यावेत. रोजनिशीही विकत मिळेल म्हणता? मिळो बापडी, दोन प्रश्न विचारले की कळतेच.