चौथे लुगडे

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत आमच्या घरी अबोला धरण्याची वेळ आली होती. ट्रंकेच्या तळाशी सासूबाईंची चार नऊवारी लुगडी होती. सूनबाईंचे म्हणणे, आता नेसणार कोण? दारात बर्तनवाली भांड्यांची टोपली उतरवून बसलीही होती.

हिलाच आपल्याकडे बोहारीण म्हणतात. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढे गिरणगाव वाढले आणि गुजरातेतून आलेल्या वाघरी, म्हणजे देवीपूजक, समाजाच्या स्त्रियांनी जुन्या कपड्यांचा हा धंदा तेथे रुजवला. धड कपडा धुऊन, सांधून, इस्त्री करून मजुराच्या अंगावर जातो. विटका-फाटका कारखान्यात यंत्रे पुसायला. जरीचा काठ तेवढा चांदीसाठी वेगळा काढतात. कापडाची अशी पारख भल्याभल्या दुकानदारांना नसते. भोपाळात तर कबाडखाना नावाचा मोहल्लाच आहे. फाळणीनंतर बैरागढला वसलेले सिंधी नवे कापड विकतात, ही जुने उचलते. हिचेही मूळ गाव गुजरातेतच. (आणि आपले तरी कुठे इथले?)

तिने तीन लुगडी घेतली. चौथे बोटांत चोळून पाहिले आणि परत केले. "अम्माजी, इसका तो पोंछा ही बनेगा. रख लो."

ते मऊसूत लुगडे आता नातवाच्या दुपट्याला लावले आहे. पातेल्यासाठी मात्र यजमानांची एक पँट जास्तीची द्यावी लागली. हे वाचूनच त्यांना कळेल.