फितूर कोण?

आम्हा उज्जैनकरांना महादजी शिंदे ठाऊक असतात, पण लखबादादा लाड म्हटलं की मंडळी एकमेकांची तोंडं बघतात. १७८७-८८ मध्ये इस्माईल बेगच्या वेढ्यात आग्र्याचा किल्ला टिकवला तो याच सरदाराने.

महादजींच्या पश्चात त्यांच्या विधवा बायकांचा दौलतरावांकडून छळ झाला, तेव्हा दादा बायकांच्या बाजूने उभे राहिले. झालं, ते फितूर ठरले! पुढे गरज पडली तेव्हा त्यांना परत घेतलं. १८०० मध्ये मालपुऱ्याला त्यांनी जयपूरची फौज हरवली. तरी संशय गेला नाहीच. १८०१ मध्ये शिंद्यांचाच फ्रेंच सेनापती पेराँ सेवढ्याला त्यांच्यावर चालून गेला. त्याच जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली. १८०३ मध्ये दादा वारले आणि त्याच वर्षी पेराँ इंग्रजांच्या आश्रयाला गेला!

रशियात स्टालिनने मार्शल तुखाचेव्हस्कीला १९३७ मध्ये देशद्रोही म्हणून गोळ्या घातल्या. तो निर्दोष असल्याचं १९५७ मध्ये मान्य झालं. तोवर वीस वर्षं गेली होती.

माझं म्हणणं एवढंच, की धन्याला चूक दाखवणारा फितूर नसतो. दादांना हा न्याय आपण तरी द्यायला हवा.