हिमालयाची जुनी छायाचित्रे कुलपात कशासाठी?

वाराणसीत पावसाळ्यात गंगा घाटाच्या पायऱ्या चढते, तेव्हा त्या पाण्यात गंगोत्री हिमनदीचा वाटा अल्पच असतो. तरीही गंगेचा विषय निघाला की साऱ्यांचे लक्ष गोमुखाकडे जाते. मग ते हिम किती घटले, हे कशाशी ताडून ठरवायचे?

३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाहून दोन लहान विमाने एव्हरेस्टवरून उडाली. धुळीच्या पडद्याने नकाशासाठीची छायाचित्रे फसली. १९ एप्रिलला पुन्हा उड्डाण करावे लागले. इतक्या कष्टाने मिळालेले चित्र पुढे मोजमापाचा आधार ठरते. २०१९ मध्ये सुमारे ६५० हिमनद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० नंतर हिमऱ्हासाचा वेग दुपटीने वाढल्याचे त्यात दिसले. मात्र १९७० च्या दशकातील पुरावा होता अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांचा!

साठच्या दशकात आपल्या सर्वेक्षण विभागानेही विमानातून हिमालय टिपला. अभ्यासकाच्या हाती बहुधा त्यावरून काढलेला नकाशाच येतो. दगडगोट्यांखाली दडलेले हिम रेखाटणाऱ्याने कोठवर मानले, हे मूळ छायाचित्राशिवाय तपासता येत नाही. सीमेच्या सुरक्षेचे कारण तेव्हा रास्त होते. आज तीच शिखरे परदेशी उपग्रह रोज टिपतात. काशी हिंदू विश्वविद्यालयातील विद्यार्थ्याला ही छायाचित्रे साध्या अर्जावर मिळायला हवीत.